आठव्या फेरीचा रकाना

तिकीट द्यायला येताना नागुमो कधी फोन करून यायचा नाही. गरजही नव्हती. रविवारी दुपारी फुमिए कुसाकाबे घरी नाही असं अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. जाणार कुठे? आठवड्याचे सहा दिवस धोब्याच्या दुकानात मागच्या बाजूला उभं राहून शर्टांना इस्त्री करायची, आणि सातव्या दिवशी स्वतःचे दोन ब्लाउज धुवायचे, असा त्या बाईचा संसार. आई लवकर गेली. वडिलांच्या आजारपणात तिची लग्नाची वर्षं गेली आणि मग वडीलही गेले. एकोणसाठाव्या वर्षी तिच्या दाराची घंटा वाजवणारे तिघेच उरले होते: मीटर वाचणारा, पार्सल पोहोचवणारा आणि तेप्पेई नागुमो.

नागुमो बॉक्सर होता. म्हणजे दिवसा नळजोडणीचं काम करायचा आणि संध्याकाळी बॉक्सर व्हायचा. टीव्हीवर झळकणारे चार जण सोडले तर बाकीच्या सगळ्यांची हीच कथा. सामना ठरला की मानधनाचा बराचसा भाग तिकिटांच्या रूपाने हातात पडतो आणि ती तिकिटं आपली आपण खपवावी लागतात. वजन उतरवण्यासाठी अर्धपोटी राहून, पहाटे धावून, दिवसभर पाइप जोडून मधल्या वेळात पठ्ठ्या दारोदार फिरतो. शाळासोबती, भाजीवाला, दातांचा डॉक्टर, बायकोचे मामा, कोणी सुटत नाही. आणि सामना झाला की सुजलेलं तोंड घेऊन त्याच सगळ्या दारांवर पुन्हा जायचं, आभार मानायला. जिंकलो तरी आणि हरलो तरी. ही रीत ज्याने मोडली त्याचं तिकीट पुढच्या वेळी कोणी घेत नाही.

तर वर्षाला तीन सामने, म्हणजे नागुमोच्या सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत वीस-पंचवीस मिनिटं. फुमिएच्या वर्षभराच्या गप्पा एवढ्यात उरकत.

ओळख झाली ती दुकानात. चार फेऱ्यांचे सामने खेळणारा तो तेव्हा पोरगेला होता, कंपनीचे कपडे घ्यायला आला होता आणि खिशात एक तिकीट शिल्लक होतं. मालक-मालकीण दोघांनी हात जोडले. शेवटी त्याने मागे इस्त्री करणाऱ्या बाईला विचारलं, विचारायचं म्हणून.

"समोरचा डावखुरा आहे का?" इस्त्री खाली न ठेवता बाईने विचारलं.

नागुमोचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हो," तो म्हणाला.

"मग तुमचं पुढचं पाऊल त्याच्या पावलाच्या बाहेर पडायला हवं. द्या तिकीट."

हे ज्ञान वडिलांकडचं. छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात काम करून ते अर्धे बहिरे झाले होते, त्यामुळे घरी टीव्हीचा आवाज नेहमी बंद. बापलेक मुकाट्याने बॉक्सिंग बघत, मांडीवर वही घेऊन. प्रत्येक फेरी संपली की दोघांनी आपापले गुण मांडायचे, जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, खाली पडला तर आठ. मग वह्या बदलून बघायच्या. "कानाने मोजशील तर फसशील," ते म्हणायचे. "लोक ओरडले म्हणजे ठोसा लागला असं नसतं." म्हणूनच फुमिए हॉलमध्ये बसायची ती कानात कापसाचे बोळे घालून. आता कोणी म्हणेल, सामन्याला जायचं आणि कानात बोळे घालायचे म्हणजे लग्नाला जाऊन उपास धरण्यासारखं झालं. म्हणोत. तिला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

त्या पहिल्या सामन्यानंतर नागुमो आभार मानायला आला, जिंकून, फुशारलेला. तिने वही काढली आणि सांगितलं, "दुसरी फेरी तुमची नव्हती. तिसरी तर नव्हतीच. पहिली घेतलीत आणि चौथीत तो खाली पडला, म्हणून निभावलंत." तो हिरमुसला आणि म्हणाला, "ओळखीचे सगळे म्हणतात, एकदम भारी खेळलास. तिकीट घेतलेला कोणी वाईट बोलतच नाही हो." पुढच्या वेळी आल्या आल्या त्यानेच विचारलं, "वही काय म्हणते?" मग दर वेळी तेच. वही कधी त्याला हरवायची, कधी पंचांनी हरवलेलं असताना जिंकवायची. दोन शब्दांचं भांडणही व्हायचं. पण वहीत खाडाखोड कधी नाही, हे त्यालाही माहीत होतं.

यंदा एप्रिलमध्ये तो आला तेव्हा दारातल्या पायरीवरच टेकला. गाल आत गेलेले. छत्तिसाव्या वर्षी वजन उतरवणं म्हणजे काही खायचं काम नाही, आणि न खायचंही सोपं नाही.

"या वेळचा पोरगा तगडा आहे, कुसाकाबेसान."

"शिओमी. बावीस वर्षांचा. सात खेळला, सात जिंकला." तिने जवाचा थंड चहा पुढे ठेवला. "फेब्रुवारीत टीव्हीवर होता. उजवा मारताना डावा हात खाली सोडतो."

"तेवढंच का सापडलं?"

"तेवढंच सापडलं. बाकी चांगला आहे. तुमच्यापेक्षा चांगला आहे."

नागुमो खो खो हसला. "बघा, दिलासा घ्यायला माणसं कुठे कुठे जातात आणि मी इथे येतो." मग हसू ओसरलं. त्याने पेला दोन्ही हातांत धरला. "चिहारुला शब्द दिलाय. या वेळी हरलो की बस. तिच्या वडिलांचं दुकान आहे नळांचं, चिबाला. तिकडे जायचं."

"आणि जिंकलात तर?"

"तर मानांकनात वर चढेन. मग ऑगस्टात ओसाका. तिथला माणूस कोण आहे ते तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. त्या माणसाने गेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांना स्ट्रेचरवर बाहेर पाठवलं होतं. पण फुमिएच्या मनात आधी आलं ते हे नाही. आधी आलं ते असं की हा हरला तर इथे यायचं त्याला काही कारणच उरणार नाही. तिकीट नाही, तर आभारही नाहीत. तिला स्वतःची लाज वाटली. समोरच्याच्या बरगड्या पणाला लागलेल्या आणि आपल्याला पडली आहे ती आपल्या दुपारची! पण लाज वाटली म्हणून मनातलं जात नाही. तो गेल्यावर तिने पेला धुतला आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिली.

सामना मे महिन्यातल्या एका मंगळवारी होता, सुइदोबाशीच्या हॉलमध्ये, पाचव्या मजल्यावर. नागुमोची माणसं नेहमीप्रमाणे एकगठ्ठा बसली होती, कारण तिकिटं एकाच गठ्ठ्यातली. त्यांचा म्होरक्या ओसाको, चटया विणणारा, आवाज असा की शेजारच्या स्टेशनात गाडी थांबावी.

"आल्या, आल्या, शाळा तपासनीस आल्या!" त्याने फुमिएला बघून आरोळी ठोकली. "बोळे आणले का? आज तरी काढा हो ते. आज पोराला आवाज लागणार आहे."

"आवाजाला तुम्ही आहात की," फुमिए म्हणाली आणि बोळे घातले.

"माझ्या एकट्याच्या घशाने काय काय करायचं!" ओसाको म्हणाला, पण ते तिला ऐकू गेलं नाही.

आधीचे पाच सामने तिने नेहमीसारखे मांडले. सवा सातला नागुमो आला. शिओमी समोरून आला, उंच, पाठ ताठ, चेहऱ्यावर अजून मुरुमांचे डाग. घंटा झाली आणि पहिल्या मिनिटातच दिसलं की पोराचे हात डोळ्यांपेक्षा जलद आहेत. डावा सरळ ठोसा लागून परत गेला की मग नागुमोचं डोकं मागे जात होतं. पहिली फेरी शिओमीची. लिहिलं.

दुसरीत नागुमो आत शिरला. म्हाताऱ्या बॉक्सरला एक गोष्ट येते, ती म्हणजे अंतर खायला. तो पोराच्या छातीला डोकं लावून उभा राहिला आणि पोटात छोटे छोटे ठोसे देऊ लागला, दिसायला काहीच नाहीत असे. पण शिओमीच्या गुडघ्यांनी ते मोजले. दुसरी नागुमोची. तिसरी परत पोराची. आणि चौथी सुरू होऊन चाळीस सेकंद झाले असतील नसतील, शिओमीचा उजवा हात नागुमोच्या कानामागे बसला आणि नागुमो खाली बसला. पडला नाही, बसला, पायरीवर टेकावं तसा. रेफरी मोजत होता. फुमिएने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. दुसरी काढली. आठाला तो उठला. आठ गुण. लिहायला हात तयार नव्हता, पण लिहिलं.

इथे सामना संपायला हवा होता. शंभरांतले नव्वद सामने इथेच संपतात. पण पाचवीला नागुमो आपल्या कोपऱ्यातून जो निघाला तो जणू मधल्या मिनिटात कोणी त्याला दहा वर्षं परत देऊन गेलं होतं. शिओमी उजवा मारायला गेला, डावा हात खाली गेला, आणि त्या फटीतून नागुमोचा उजवा आत. पुन्हा तेच. पुन्हा. पोरगा गोंधळला, मग चिडला, आणि चिडूनही पळाला नाही, हे विशेष. तो उभा राहिला आणि देवाणघेवाण करू लागला. पाचवी नागुमोची, सहावीही. दोघांचेही चेहरे आता ओळखू येत नव्हते. सहावी संपल्यावर शिओमी चुकून नागुमोच्या कोपऱ्याकडे चालू लागला, आणि नागुमोनेच त्याला दंडाला धरून त्याच्या दिशेला वळवलं. हॉल हसला आणि मग हसता हसता टाळ्या वाजवू लागला. कानात कापूस होता, तरी त्या टाळ्या फुमिएला पायाखालच्या लाकडातून कळल्या.

सातव्या फेरीसारखी फेरी तिने जन्मात पाहिली नव्हती. तीन मिनिटं दोघांतला एकही एक पाऊल मागे गेला नाही. ठोसा खायचा आणि ठोसा द्यायचा, बस. त्यात राग नव्हता. दोन सुतार एकाच ओंडक्याला दोन्हीकडून करवत लावतात तसं काहीतरी चाललं होतं, एक थांबला तर दुसऱ्याचंही काम थांबेल असं. शेवटच्या वीस सेकंदांत नागुमोने डाव्याने यकृतावर मारलं आणि शिओमी कमरेत वाकला, पण उभा राहिला. वडील असते तर काय म्हणाले असते? काही नाही. वही बाजूला ठेवून बसले असते. सातवी नागुमोची. तिने बेरीज केली. सहासष्ट, सहासष्ट. जे काय व्हायचं ते आता आठवीत.

तेवढ्यात ओसाकोला भान राहिलं नाही. त्याने दोन्ही हातांनी फुमिएचे खांदे धरून गदागदा हलवले. पेन्सिल खुर्च्यांखाली गेली, उजव्या कानातला बोळा पडला, आणि पंधराशे माणसांचा आवाज एका बाजूने तिच्या डोक्यात घुसला. तिने डावा बोळाही काढला. का काढला, ते पुढे तिला कधी सांगता आलं नाही.

आठवी फेरी तिने उभी राहून पाहिली. उभी राहून आणि ओरडून. "नागुमो! डावा! डावा!" स्वतःचा आवाज इतका मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं. गेल्या वीस वर्षांत तो वापरला होता कुठे? ओसाको ओरडत होता, मागचे ओरडत होते, पलीकडची शिओमीची माणसं ओरडत होती, आणि त्या सगळ्यात तिचाही आवाज होता, दुसऱ्यांच्या आवाजाला टेकलेला. शेवटच्या दहा सेकंदांत आपण नेमकं कोणाचं नाव घेत होतो हे तिने शपथेवर सांगितलं नसतं. घंटा झाली तेव्हा दोघे बॉक्सर एकमेकांना धरून उभे होते, कारण सुटले असते तर दोघेही पडले असते. अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. एका म्हातारीने फुमिएच्या हातात खोकल्याची गोळी ठेवली. इतकी सुखाची पाच मिनिटं तिच्या वाट्याला कितीतरी वर्षांत आली नव्हती.

निकाल वाचला गेला. एक पंच, शहात्तर-पंचाहत्तर, शिओमी. दुसरा, शहात्तर-पंचाहत्तर, नागुमो. तिसरा, शहात्तर-पंचाहत्तर, नागुमो. ओसाको रडला. शिओमी वाकून चारही बाजूंना नमस्कार करून गेला.

घरी जाऊन तिने वही उघडली. आठव्या फेरीचा रकाना कोरा होता.

आणि तिला माहीत होतं तिथे काय लिहायला हवं. तोंड ओरडत होतं, कान भरले होते, पण चाळीस वर्षांची सवय लागलेले डोळे थोडेच रजेवर जातात! शेवटच्या मिनिटात नागुमोचे ठोसे धाडधाड वाजले होते आणि हॉल त्या आवाजावर उसळला होता. पण ते शिओमीच्या ग्लोव्ह्जवर वाजले होते. शिओमीचे चार उजवे बिनआवाजाचे होते आणि चारही जबड्यावर होते. पंचांना बोल लावायचं कारण नव्हतं. ते दुसऱ्या बाजूंना बसले होते, त्यांना दुसरं दिसलं असेल. तिला हे दिसलं होतं. तिने वही मिटली आणि फडताळात ठेवली.

नागुमो दोन आठवड्यांनी आला, रविवारी दुपारी. डाव्या डोळ्याभोवती पिवळं-हिरवं झालेलं. "आपल्यामुळे झालं सगळं," असं रीतीप्रमाणे वाकून म्हणाला, आणि या वेळी पायरीवर न बसता आत आला. चहा ठेवल्यावर त्याने हात पुढे केला तो पेल्याच्या दोन बोटं डावीकडे. हवा धरली. मग काही झालंच नाही असं दाखवत हात उजवीकडे सरकवला.

फुमिएने पाहिलं आणि खाली बघितलं.

"ओसाकाहून पत्र आलंय," तो म्हणाला. "उद्या उत्तर द्यायचंय."

"चिहारुसान काय म्हणतात?"

"ती म्हणते, तू जिंकलास, शब्द पाळलास, आता मी अडवणार नाही. आणि आत जाऊन रडते." त्याने पेला टेकवला. "एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. आठवी फेरी मला आठवतच नाही. सातवी संपली, पाणी प्यालो, आणि एकदम माझा हात वर केलेला. मधलं काही नाही. म्हणजे जिंकलो म्हणतात, पण मला माहीत नाही ना. जिंकल्यावर दुखणं जरा कमी असतं नेहमी. या वेळी झालं नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. ते सर्दीलाही तेच म्हणतात." तो थोडा हसला आणि मग मांडी नीट घालून बसला. "वही काय म्हणते, कुसाकाबेसान? तुमच्या वहीतही मीच असेन तर जातो ओसाकाला. नसेन तर नाही. ठरवूनच आलोय."

ती उठली. फडताळापर्यंत चार पावलं होती, ती तिने जपून टाकली. एका आकड्याचा तर प्रश्न होता. तिथे दहा लिहिला तर ऑगस्टच्या सामन्यासाठी हा दोनदा येईल, नंतरही येईल. दोन पंच तिच्या बाजूने होते, खोटं म्हणायलाही कोणाला जागा नव्हती. आणि सोबतीला हपापलेल्या माणसाला सबबी शिकवाव्या लागत नाहीत. ओसाकाचा माणूस काय वाघ आहे का, नागुमोही काही कमी नाही, कदाचित जिंकेलही, असं सगळं त्या चार पावलांत तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग त्याचा हवा धरणारा हात आठवला.

तिने वही त्याच्यासमोर उघडली.

"कोरं आहे," तो म्हणाला.

"हो."

"का?"

"मी ओरडत होते."

नागुमोने मान वर केली. "तुम्ही?"

"उभी राहून. बोळे काढून. ओसाकोसानना विचारा."

"अरे देवा! आणि नेमकं तेच मला आठवत नाही!" तो इतका हसला की फुटलेला ओठ त्याला हाताने धरावा लागला. तीही हसली. मग दोघंही थांबली. तो रकाना तसाच समोर होता.

"आठवी शिओमीची," फुमिए म्हणाली. "तुमचे ठोसे हातांवर बसले. त्याचे चार जबड्यावर. एका गुणाने तुम्ही हरलात."

नागुमोने त्या रकान्यावरून अंगठा फिरवला. मग त्याने वही तिच्याकडे सरकवली. "लिहा," तो म्हणाला. "माझ्यासमोर लिहा. उद्या मन फिरलं तर आठवायला हवं."

तिने लिहिलं. शिओमीखाली दहा, नागुमोखाली नऊ. बेरीज केली. हात कापला नाही. कापायला हवा होता, असं तिला नंतर कितीदा वाटलं.

नागुमोने दोन्ही तळवे चटईवर टेकून कपाळ लावलं आणि तसाच राहिला. तिला वाटलं रडतो आहे. पण त्याने डोकं वर केलं तेव्हा चेहरा मोकळा होता, ओझं उतरलेल्या हमालासारखा. "कुसाकाबेसान," तो म्हणाला, "खायला आहे का हो काही?"

अकरा वर्षांत या घरात त्याने चहाशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं. आधी आला की वजन, नंतर आला की फुटलेलं तोंड. फुमिएची धांदल उडाली. एकट्या बाईच्या स्वयंपाकघरात असतं काय? एक वाटी भात होता, लाल भोपळ्याच्या चार फोडी शिजवलेल्या होत्या आणि मुळ्याचं लोणचं. तिचं रात्रीचं जेवण. ते सगळं तिने वाढलं. तो फुटक्या ओठाने, कण्हत, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवला. ती समोर बसून बघत राहिली. कोणीतरी आपल्या घरी पोटभर जेवतंय हे बघताना तिचा जीव इतका भरून आला की तिला उठून पाणी आणायचं निमित्त करावं लागलं.

निघताना दारात तो वळला. नेहमी इथे म्हणायचा, "पुढच्या वेळीही या हं." तोंड उघडलं, बंद झालं. "तब्येतीला जपा," तो म्हणाला.

"तुम्हीही," ती म्हणाली.

जुलैत पार्सल पोहोचवणाऱ्याने एक खोका आणून दिला. बारीक शेवयांचा, उन्हाळ्याची भेट म्हणून. वर नागुमो आणि चिहारु, दोघांचं नाव, पत्ता चिबाचा. आत चार ओळींची चिठ्ठी होती, डोळा सुधारतो आहे, दुकान बरं चाललं आहे, आपले उपकार विसरणार नाही. तिने लगेच आभाराचं पत्र टाकलं. त्यालाही उत्तर आलं. मग लिहिण्यासारखं काही उरलं नाही. त्यात त्याची काही चूक नव्हती. कामाशिवाय एकट्या बाईच्या घरी जाऊन बसायचं तरी काय सांगून? खोका सहा माणसांच्या घराला पुरेल असा होता. ती एकेक जुडी उकळत राहिली, सप्टेंबर संपला तरी तो संपला नाही. रविवारी दुपारी घंटा वाजली की ती अजून दचकून उठायची. पार्सलवाला रविवारीही येतो, हे माहीत असूनसुद्धा.

ऑक्टोबरात शिओमीचा सामना लागला, त्याच हॉलमध्ये. फुमिएने ठरवलं, जायचं. तिकीट आणून देणारं कोणी नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती खाली खिडकीवर रांगेत उभी राहिली. पुढचे लोक भराभर नावं सांगत होते आणि पाकिटं घेऊन जात होते.

"कोणाच्या नावावर?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. ते विचारतातच. ज्या बॉक्सरचं नाव सांगाल त्याच्या खात्यात तिकीट जातं आणि त्याच्या माणसांत जागा मिळते.

शिओमी म्हणायचं होतं. घरून ठरवून आली होती. पण जिभेला अकरा वर्षांचं वळण.

"नागुमो," ती म्हणाली.

मुलीने यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. मागची रांग चुळबुळू लागली. "माफ करा," मुलगी अगदी हळू म्हणाली, हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशी, "आज या नावाचं कोणी खेळत नाही."

"माहीत आहे," फुमिए म्हणाली. "मीच त्याला थांबवलं."